डाव्या चाकाचा नट

झरीच्या आश्रुबाची आणि त्याच्या बापाची, म्हणजे माणिकरावांची, बोलचाल बंद होऊन चार वर्षं झाली होती. भांडण कशावरून? जमिनीवरून नाही, वाटणीवरून नाही, पंक्चरवरून! हसा खुशाल. त्या घरात हसायला बंदी नव्हती, फक्त बोलायला होती.

माणिकरावांनी, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मिलिटरीची एक जुनी जीप लिलावात घेतली होती. त्र्याऐंशी साली तिचं पुढचं डावं चाक अंगणातच बसलं. आश्रुबा पान्हा घेऊन नट खोलायला गेला. नट हलेना. मग हा गडी पान्ह्यावर पाइप चढवून त्याच्यावर उभा राहिला, उड्या मारू लागला आणि पाइपासकट शेणाच्या पाटीत जाऊन पडला. ओसरीवर सोयरे चहा पीत होते. ते हसले ते हसले, सगळ्यात मोठ्यानं आबा हसले.

"आजपासून तुमच्याशी बोललो तर बापाचं नाव सांगणार न्हाई!" आश्रुबा गरजला.

"नको सांगू," बाप म्हणाला.

तेव्हापासून सगळा कारभार आश्रुबाच्या बायकोवर, कस्तुराबाईवर आला. "सुनबाई, इचार तुज्या नवऱ्याला, मोटर चालू केली का?" नवरा तिथंच हातभर अंतरावर बसलेला. "सांग आबांला, केली." कस्तुराबाईनं मध्ये बसून दोन्हीकडचं पुन्हा म्हणायचं, कारण ती म्हणेपर्यंत दोघंही बहिरे! निरोप सांगता सांगता बिचारीच्या रोज दोन भाकरी करपायच्या.

जीप तशीच उभी. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सोमवारी तिचा पत्रा आश्रुबाच्या पोटरीला लागला. झालं, तडक परभणीला जाऊन भंगारवाल्याला सांगून आला, "बुधवारी ये अन् जाग्यावर कापून ने."

कस्तुराबाईनं निरोप पोचवला. आबा ताटावर बसले आणि तसेच उठले. दिवेलागणीला ते जीपच्या बॉनेटवरची कोंबड्यांची घाण धोतराच्या सोग्यानं पुसताना दिसले, तेव्हा मात्र आश्रुबा दारातच थबकला. जीप कापली तर हा माणूस जन्मात आपल्याशी बोलणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. पण बोललेला शब्द गिळायचा कसा? एकच वाट होती. चाक निघालं, स्टेपनी बसली आणि जीप जाग्यावरून हलली, तर "हलती गाडी कोण भंगारात देतं" म्हणून नाक वर ठेवता आलं असतं. मध्ये आडवे होते ते पाच गंजलेले नट, आणि हातात होता मंगळवार.

गॅसनं तापवावं, तर पेट्रोलची टाकी सीटखालीच. मग त्याला रायभान आठवला. रायभान विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, आणि हाटेलात बसून सांगायचा की मी जाळाबिगर लोखंड तापवतो.

"तारेचं वेटोळं करायचं," मंगळवारी सकाळी तो अंगणात सांगू लागला, "मधी नट घ्यायचा अन् वेटोळ्यातून वेल्डिंग मशीनचा करंट सोडायचा. तार नटाला शिवत न्हाई, तरी नट आतल्या आत तापतो. तापला की फुगतो अन् गंज सोडतो."

"भानामती हाय का काय?" आश्रुबा म्हणाला.

"ईज हाय, भाऊ. भानामती लाईट गेल्यावर बी चालती."

अकराला लाईट आली. रायभाननं बरोबर आणलेल्या वेल्डिंग मशीनच्या केबलीच्या टोकाला सात-आठ वेढे दिले आणि त्यांत पहिला नट धरला. आबांना ओसरीवर मेनस्विचपाशी बसवलं. "आबा, मी हात वर केला की बंद करा. त्याच्या आदी न्हाई." आबांनी मान डोलावली. मग रायभान आश्रुबाला म्हणाला, "भाऊ, उरलेली केबल तेवढी वर धरा. खाली वल हाय."

आता शेतकऱ्याच्या हातात लांब दोर दिला तर तो काय करतो? विहिरीत माणूस सोडताना करतो तेच. जादा दोर कमरेला गुंडाळतो आणि पाय रोवून उभा राहतो! आश्रुबानं केबलीचे चांगले सहा वेढे कमरेला घेतले. बंडीच्या आत, त्याच कमरेला, चांदीच्या जाड तारेचा करदोडा होता.

मशीन घुमायला लागलं. नटातून जुन्या ग्रीसचा धूर निघाला, तसा रायभान खूश झाला. आश्रुबाला कंबर कोमट लागली. ऊन असेल, तो मनाशी म्हणाला. मग कंबर गरम लागली. मग आश्रुबा ताठ झाला.

"कस्तुरे!" तो ओरडला. "आबांला सांग, बंद करा!"

कस्तुराबाई पीठ मळत होती. तशाच हातांनी बाहेर आली. "मामंजी, हे म्हणतेत बंद करा."

"इचार त्येला, का?"

"अवो, मामंजी इचारतेत, का?"

"सांग, कंबर जळायली!"

"मामंजी, ह्येंची कंबर—"

"रायभानचा हात वर न्हाई," आबा म्हणाले. "सांग त्येला, दम धर."

इकडं रायभानला वाटलं, ह्याला करंट लागला! करंट लागलेल्या माणसाला कोरड्या लाकडानं तारेपासून तोडायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक. वेटोळं तसंच नटावर टाकून त्यानं बैलाचं जू उचललं आणि आश्रुबाच्या पाठीत घातलं. आश्रुबा बोंबलत जीपभोवती पळू लागला, पण केबल गुंडाळलेली, पळणार कुठवर?

"करदोडा, करदोडा तापला!" तो किंचाळला.

"मग तोडा की तो!" रायभान जू टाकून म्हणाला. "एका हिसक्यात तुटंल!"

आश्रुबा थांबला. डोळ्यांत पाणी, कमरेला आग. बाप गेल्याशिवाय करदोडा तोडत नाहीत, हे झरीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"तोडायचा न्हाई!" तो ओरडला. "माजा बाप जित्ता हाय!"

खट्कन स्विच पडला. रायभानचा हात खालीच होता.

आबा ओसरीवरून कसे उतरले ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी केबलीचे वेढे ओढून काढले, बंडी वर केली. कमरेवर लालभडक वळ उठला होता. कस्तुराबाईनं पळत जाऊन कोरफड आणली. आबा ती चोळत होते, आणि एकदम त्यांच्या तोंडून निघालं,

"गाढवा! डाव्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतेत. चार साल तू त्येंला आवळायलास!"

कस्तुराबाईनं सवयीनं पदर सावरला आणि नवऱ्याकडं वळली. "अवो, मामंजी म्हणतेत, गाढवा—"

"ऐकलं मी," आश्रुबा म्हणाला. "आबा, तुमाला ठावं होतं, तर सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंच कुटं?"

रायभाननं पान्हा लावला आणि उलटा फिरवला. तापलेला नट कुरकुरला आणि सुटला. बाकीचे चारही त्याच दिवशी निघाले. केबल धरायला या वेळी खुंटा रोवला होता.

बुधवारी भंगारवाला कटर घेऊन आला, तर जीपच्या जागी नुसती अंडी. जीप बैलं जुंपून शिवाराच्या वाटेला लागली होती. आबा स्टेअरिंगवर, आश्रुबा कमरेला फडकं बांधून मागून ढकलत, आणि दोघांचा आरडाओरडा इथवर ऐकू येत होता.

"काय म्हणतेत ते?" भंगारवाल्यानं विचारलं.

कस्तुराबाईनं तव्यावरची पांढरीशुभ्र भाकरी उलटली. "त्येंलाच इचारा, बाबा," ती म्हणाली. "मी आता कुनाचा निरोप सांगत न्हाई."