एलाडिओंच्या डोळ्यांची आखणी

माझा नवरा सुश्रुत पेणचा. घरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे चित्रकला अंगातच. कॉव्हेंट्रीत एका गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, पण वीकेंडला पेन्सिल हातात घेतली की सासऱ्यांची शिस्त त्याच्या अंगात संचारते. म्हणजे कसं, आधी सगळी मूर्ती रंगवून व्हायला हवी, मग आंघोळ करून, सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. तोवर डोळ्यांकडे बघायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, अरे बाबा, मूर्ती बसून राहते बिचारी, माणसाचं तसं असतं का? पण माझं ऐकेल तर शपथ!

माणूस म्हणजे आमचे शेजारी एलाडिओ. ऐंशी कधीच ओलांडलेली, मूळचे हवानाचे. क्युबातले ढोल आणि जॅझ एकत्र वाजवणारा इंग्लंडमधला पहिला बँड त्यांनी उभा केला होता. त्यांच्या फ्रंट रूममध्ये भिंतभर पोस्टर्स होती आणि प्रत्येक पोस्टरवर त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. लग्नाच्या फोटोतसुद्धा! एकदा आमच्याकडे थालीपीठ खायला आले तेव्हा मी चेष्टेनं म्हटलं, "अहो, झोपताना तरी काढता का हा?"

तर त्यांनी काढलाच. डावा डोळा तिरळा होता, कानाकडे जाणारा.

"मॅनेजर म्हणाला, हा डोळा पोस्टरवर चालणार नाही," ते म्हणाले. "तेव्हा पोटाचा प्रश्न होता, घातला चष्मा. मग आयुष्यभर तोच. आता डॉक्टर म्हणतात, हार्टचा भरवसा नाही. सुश्रुत, मला एकदा चष्म्याशिवाय काढशील? जसा आहे तसा?"

मला भरूनच आलं. थालीपीठ उलटायच्या निमित्तानं किचनमध्ये जाऊन नाक पुसून आले.

तेव्हापासून दर रविवारी ते आमच्या खिडकीशी बसायचे, चष्मा खिशात घालून. सुश्रुतनं कपाळावरच्या आठ्या काढल्या, कान काढले, ढोल बडवून जाड झालेली बोटं काढली, मफलरची वीणसुद्धा काढली. डोळ्यांच्या जागी मात्र कोरा कागद. एलाडिओ उठताना विचारायचे, "आज डोळे?" हा म्हणायचा, "पुढच्या वेळी."

मी मागून टोकायचे. "अरे, त्यांना डोळेच हवेत ना? मफलर कोणाला हवाय?"

"श्रद्धा, कामात लुडबुड नको."

एलाडिओ हसायचे. "असू दे गं. आमच्यातही ट्रम्पेट शेवटीच यायचं. मी थांबतो."

नाही थांबले. एका सकाळी दारात अँब्युलन्स आली आणि दुपारी हॉस्पिटलमध्येच वारलेसुद्धा. त्यांची मुलगी मारिसोल लीड्सहून आली. रडतच म्हणाली, "शवपेटीजवळ तुमचं चित्र ठेवायचंय. बाबांचा चष्म्याशिवाय एकही फोटो नाही हो."

सुश्रुत आंघोळ करून कागदासमोर बसला. पेन्सिल उचलली आणि तसाच थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कसे होते गं त्यांचे डोळे?"

"म्हणजे? तुझ्यासमोर तर बसायचे!"

"त्या पहिल्या दिवशी ओझरते दिसले तेवढेच, नंतर मी बघितलेच नाहीत. आखणीआधी आम्ही बघत नाही."

असा संताप आला म्हणून सांगू! पण त्याचा चेहरा बघितला आणि तोंडात आलेलं सगळं गिळलं. मला आठवत होतं तेवढं सांगितलं. तपकिरी होते, पापण्या जड, डावा कानाकडे वळलेला. तो काढत गेला. मी वाकून बघितलं तर लांबट, शांत, पाकळीसारखे डोळे.

"अरे, हे तर पेणचे! गणपतीचे डोळे आहेत हे."

त्यानं खोडलं. पुन्हा काढलं. पुन्हा तेच. लहानपणापासून हाताला तेवढेच डोळे ठाऊक, दुसरे येणार कुठून? खोडून खोडून कागद पार खरवडून निघाला.

"मारिसोलला बोलावू या," मी म्हटलं. "ती समोर बसून सांगेल."

"काय सांगू तिला? तुझ्या बाबांना रविवारचे रविवार बसवून ठेवलं आणि डोळेच बघितले नाहीत?" टेबलावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. मी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार?

फ्युनरलच्या सकाळी त्यानं त्या खरवडलेल्या जागेवर काळा चष्मा काढला.

क्रेमेटोरियममध्ये बँडमधले म्हातारे काठ्या टेकत आले होते. एकेक जण चित्रासमोर थांबायचा. "हुबेहूब आमचा एलाडिओ! डिट्टो रेकॉर्डच्या कव्हरवरचा!" सुश्रुतची पाठ थोपटायचे आणि तो मान खाली घालून थँक यू म्हणायचा.

सगळे पांगल्यावर मारिसोल चित्रासमोर उभी राहिली.

"बाबा फोनवर म्हणाले होते, या वेळी चष्मा नसेल. केवढे खूश होते."

सुश्रुत चित्रातल्या मफलरकडे बघत राहिला.

"पण तुम्ही आधी डोळे काढले असतील ना?" तिनं विचारलं. "आणि मग वरून चष्मा? म्हणजे आत ते आहेत ना?"

"हो," सुश्रुत म्हणाला. "आहेत."

तिनं चित्रातल्या चष्म्यावर अलगद बोटं टेकवली, लहान मुलाचे डोळे पुसावेत तशी, आणि स्पॅनिशमध्ये बापाशी काहीतरी बोलत राहिली. मी शेजारीच उभी होते. उठताबसता त्याच्या चुका काढणारी मी, पण चकार शब्द काढला नाही.