लाल नसलेली सायकल

आभाला वरणभात भरवायचा तर सायकल फिरवावी लागते. घरात ती तोंडच उघडत नाही. खाली पार्किंगमध्ये, जिन्याच्या बाजूला, सासऱ्यांची जुनी काळी सायकल डबल स्टँडवर उभी असते. ते गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही. पण सासूबाई साखळीला तेल घालतात, आणि दसऱ्याला तिला धुऊन-पुसून हँडलला झेंडूची माळ घालतात. मी तिच्याशेजारी उकिडवी बसते, डाव्या हाताने पायडल मारते. मागचं चाक गरगर फिरायला लागतं आणि माझी सव्वा वर्षाची लेक आ वासून बघत राहते. त्या उघड्या तोंडात मी घास सारते.

इंग्रजीची तयारीही मी तिथेच केली. श्रेयस, माझा नवरा, आयर्लंडला नोकरीला आहे. मी नर्स. तिथल्या एका हॉस्पिटलने मला घ्यायचं कबूल केलंय, पण बोलण्याच्या परीक्षेत हवे तेवढे गुण मिळाले तरच. गेल्या खेपेला थोडक्यात हुकले. आता ही शेवटची संधी, मग ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. आभा बापाला फोनच्या काचेतच ओळखते. दारात कोणी आलं तर नाही, फोन वाजला की 'बाबा' म्हणते.

आमच्या क्लासचे सर प्रत्येक विषयाचं उत्तर तयार करून देतात. सायकल आली, की माझ्या दहाव्या वाढदिवसाला आजोबांनी मला सुंदर लाल सायकल दिली. मी ती रोज बागेत चालवायचे. व्यायाम होतो, प्रदूषण होत नाही. अख्ख्या क्लासला तेच आजोबा आणि तीच लाल सायकल. मला खरं तर सायकल येतच नाही. माहेरी सायखेड्याला एक होती, ती भावाची.

सराव सासूबाई घ्यायच्या. चष्मा नाकावर ओढून, आभाला मांडीवर घेऊन.

"डू यू हॅव बायसिकल?"

"येस. माय ग्रँडफादर गेव्ह मी..."

"तुझे आजोबा? दिवाळीत फटाक्यांची लड सोडवून एकेक फटाका वाटायचे, ते? ते देतायत सायकल!"

"आई, हसवू नका ना. अडखळते मी."

"बरं बाई, लाल तर लाल. पुढचं म्हण."

परीक्षेला क्लासमधली माझी मैत्रीण पायल माझ्या आधी आत गेली. बाहेर येताना अंगठा उंचावत पुटपुटली, "सायकलच आलीय. आपली लाल!" मला हायसं वाटलं.

आत टेबलापलीकडे आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. मध्ये आवाज टिपणारं यंत्र, त्यावर मिणमिणता दिवा. नाव, गाव झालं. मग त्यांनी विचारलं, लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का? मी सुरू केलं. माझ्या दहाव्या वाढदिवसाला माझ्या आजोबांनी मला एक सुंदर...

"रेड?" त्या म्हणाल्या.

रागावल्या नव्हत्या. थकल्या होत्या नुसत्या. सकाळपासून किती लाल सायकली त्या टेबलावरून गेल्या असतील!

माझं डोकं साफ रिकामं झालं. आजोबा गेले, बाग गेली, प्रदूषणही गेलं. आयर्लंड गेलं असंच वाटलं. त्या रिकाम्या जागेत उरलं फक्त फिरणारं चाक.

"नो," मी म्हणाले. "ब्लॅक."

आणि मग मी सांगत गेले. ती माझी नाही. मला चालवता येत नाही. डबल स्टँडला काय म्हणतात आठवेना, म्हणून म्हटलं, ती दोन लोखंडी पायांवर उभी असते. चाक जोरात फिरलं की त्याच्या तारा नाहीशा होतात, नुसता उजेड गोल फिरत राहतो. मंदावलं की एकेक तार परत येते. तारा परत आल्या याचं माझ्या मुलीला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं, आणि तेवढ्यात तिचा घास जातो. दसऱ्याला आम्ही सायकलला हार घालून तिचे आभार मानतो.

"सायकलचे आभार?" बाई पुढे झुकल्या.

"हो. तिने माझ्या सासऱ्यांना रोज कामावर नेलं, आणि रोज घरी परत आणलं."

मी माझेच शब्द ऐकत होते. हे मी कुणाला मराठीतसुद्धा सांगितलं नव्हतं. माझ्या आत हे होतं कुठे? आणि ज्या भाषेची मला इतकी धास्ती, ती ते सगळं अलगद उचलून बाहेर आणत होती, झोपलेलं मूल उचलावं तसं.

पुढेही सायकली राहतील का, असं त्यांनी शेवटी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण न जेवणारी मुलं तर राहतीलच."

त्या खुदकन हसल्या. मग यंत्राकडे बघून चटकन गंभीर झाल्या.

बाहेर पायल उभीच होती. "म्हटलंस ना नीट?"

"काळी म्हटलं."

"वेडी आहेस का गं तू!"

निकाल आला तेव्हा मी पार्किंगमध्येच होते, उजवा हात भाताने भरलेला. सासूबाईंनी माझा फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"किती हवे होते गं?"

मी सांगितलं.

"तेवढेच पडलेत." त्यांनी फोन पदराने पुसला. "म्हणजे आता जाणार तुम्ही."

त्या गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"तिकडे हिला चाक कोण फिरवून दाखवणार?"

"तुम्हीच, आई. इथून. आम्ही फोनवर बघू."

त्यांनी पायडल धरलं आणि असं मारलं, की तारा एका क्षणात दिसेनाशा झाल्या. त्यांच्या हातात एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. जिन्याच्या जाळीतून आलेलं ऊन त्यात सापडलं आणि गोल गोल फिरू लागलं. मग हळूहळू एकेक तार परत आली.

आभाचं तोंड सताड उघडं होतं. घास मात्र माझ्या हातातच राहिला. माझंही तोंड तसंच उघडं होतं.