अर्जुनरावांच्या घरातला चावरा नळ

नांदूरघाटात त्या सकाळी अर्जुनरावांच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया गोठ्याच्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या, पोरं पाण्याच्या टाकीवर चढली होती आणि घरी ज्यांना कोणी विचारत नाही अशी जाणती मंडळी सगळ्यांत पुढे खुर्च्या टाकून बसली होती. सगळ्यांचे डोळे नव्या न्हाणीघराच्या उघड्या दाराकडे लागले होते. आत भिंतीतल्या चकचकीत स्टीलच्या नळासमोर ऊर्जागुरू बिभीषण महाराज उभे होते. अंगात जांभळा रेशमी झब्बा, पायांत जाड लाकडी खडावा, हातात रुद्राक्षांच्या माळेने गुंडाळलेली एक काडी.

"या नळात ऋण ऊर्जा बसली आहे," महाराज म्हणाले. "ज्याचं चित्त शुद्ध, त्याला ती शिवत नाही. ज्याच्यात खोट, त्याला ती सोडत नाही."

त्यांनी काडीचं टोक नळाला टेकवलं. माळेच्या आत लाल ठिणगीसारखा उजेड दिसला. बायांच्या तोंडून "अगं आई" निघालं. मग महाराजांनी पंजा पसरून नळ घट्ट धरला आणि गावाकडे पाहून हसले. त्यांना काहीही झालं नाही.

"आता सूनबाईंना बोलवा."

अर्जुनरावांची सून वनमाला बाहेर भांडी घासत होती. तिला तशीच, ओल्या हातांनी, अनवाणी आत आणलं. तिने भीत भीत नळाला बोटं लावली मात्र, आणि सगळा हात झटका बसून मागे उडाला. ती दारावर आदळली. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या, तोंडातून आवाज फुटेना.

"भानामती!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले.

आता हे घर काही पूर्वीपासून असं नव्हतं. चार महिन्यांपूर्वीपर्यंत या घरातला नळ गळायचा, पण चावत नव्हता. घर पाडून बांधायचं की आहे त्यालाच नवं करायचं, यावर वर्षभर खल झाला होता. शेवटी आहे तेच नवं करायचं ठरलं आणि प्रत्येकाने आपापली हौस पुढे केली. सासूबाई मुक्ताबाईंना गिझर हवा होता, कारण थंडीत त्यांचे सांधे धरायचे. वनमालाच्या नवऱ्याला, आदिनाथला, बीडच्या एका हॉटेलात पाहिलेलं रंग बदलणाऱ्या दिव्यांचं छत हवं होतं. अर्जुनरावांना पुढच्या गेटवर आपलं नाव पितळी अक्षरांत हवं होतं. वनमालाने एकच गोष्ट मागितली होती. केजला आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवणारी तिची शाळेतली मैत्रीण समिना म्हणाली होती, की कुठे करंट गळायला लागला तर आपोआप सगळं बंद करणारा एक स्विच मिळतो, तो आधी बसवून घे.

"बाई, ते शहरातलं फॅड हाय," ठेकेदार म्हणाला होता. "करंट जास्ती झाला की आपसूक खाली पडनारी आपली साधी बटनं हायेत की."

"छताच्या लायटी बसू दे आधी," आदिनाथ म्हणाला होता. "ते मागून बघू."

मागून कोणी पाहिलं नाही. छत सुंदर झालं, कधी निळं तर कधी गुलाबी. पंधरा दिवसांत मुक्ताबाईंना नळाचा पहिला झटका बसला. वायरमनला बोलावलं, तर तो रबरी बूट घालून घरभर फिरला आणि म्हणाला, "बोर्डातलं बटन पडत न्हाई, म्हंजे फॉल्ट न्हाई." तो गेला आणि त्याच्या जागी महाराज आले. आपल्याकडे ही अदलाबदल फार लवकर होते.

तर महाराजांनी त्या सकाळी निकाल दिला. घराला सुनेच्या हाताने भानामती लागली आहे. तिने कायमचं माहेरी जावं. नाहीतर तीन दिवसांनी, अमावास्येला सकाळी दहा वाजता, घरातल्या कुमारिकेने अंघोळ करून ओल्या अंगाने, अनवाणी, दोन्ही हातांनी नळ धरावा आणि कुलदैवताचं नाव एकवीस वेळा घ्यावं. तिच्या निर्मळपणाने बाधा जळून जाईल.

घरात कुमारिका एकच होती. वनमालाची आरोही, सहा वर्षांची.

नुसत्या बोटांना बसलेल्या झटक्याने वनमालासारखी धडधाकट बाई फेकली गेली होती. पोरगी दोन्ही हातांनी धरणार, तेही ओल्या अंगाने! आणि याला नाही म्हणावं, तर गाव म्हणणार, बघा, हिच्या अंगातली बोलतेय. तिच्यासाठी कोणतीच वाट मोकळी ठेवली नव्हती.

"अवो, ऐका तरी," ती आदिनाथला म्हणाली. "लाईट गेल्यावर नळ चावत न्हाई. चप्पल घालून धरला तर चावत न्हाई. गिझर बंद असला तर चावत न्हाई. भानामती काय लाईट बघून येती व्हय?"

आदिनाथ जमिनीकडे बघत राहिला. "महाराज म्हनले, लाईट गेली की तिची शक्तीबी झोपती."

"तुमाला पटतं हे?"

"मला पटून न पटून काय व्हतंय? आबांनी गावासमोर शब्द दिलाय."

ती गिझर बंद करायला गेली. पण महाराजांनी मेन स्विचच्या पेटीला कुलूप घातलं होतं आणि गिझरच्या बटनाला लाल नाडा गुंडाळून वर लाख लावली होती, अमावास्येपर्यंत ऊर्जा अखंड चालू हवी म्हणून. तिचा हात तिथे पाहिल्याबरोबर अर्जुनराव धावून आले. ऋण ऊर्जेला गिझर चालू लागतो, हे त्या घरात एकालाही खटकलं नाही. तिने आरोहीला घेऊन एसटी स्टँड गाठायचं ठरवलं, तर मुक्ताबाई दारात आडव्या झाल्या. "तुला जायचं तर जा. पोरगी जायची न्हाई." एकटीने जाणं म्हणजे लेकीला त्या नळाजवळ सोडून जाणं होतं. मुक्ताबाईंनी नातीला आपल्या खोलीत घेतलं. वनमालाचा फोनही काढून घेतला, कारण बाधेला बाहेरची हवा लागू द्यायची नव्हती.

तीन दिवस तिने काय केलं, तर रडली. सासऱ्यांच्या पाया पडली, नवऱ्याशी भांडली आणि पुन्हा रडली. बंद दाराआडून आरोही विचारायची, "मम्मी, मला लई लागंल का गं?" वनमाला दाराखालच्या फटीतून तिच्याकडे बोटं सरकवायची.

अमावास्येला सकाळी साडेआठ वाजता ती शेण टाकायच्या निमित्ताने उकिरड्यावर गेली आणि शेजारच्या बायडाबाईसमोर हात जोडले. "बायडाबाई, एक फोन लावू द्या. तुमच्या लेकीबाळींची आन हाय." बायडाबाईने इकडे तिकडे पाहिलं आणि पदराआडून फोन दिला.

समिनाने सगळं ऐकून घेतलं. तिचे वडील जमील मिस्त्री शेजारीच बसले होते. अर्जुनरावांच्या घराची जुनी वायरिंग त्यांच्याच हातची होती. त्यांनी फोन घेतला.

"बेटी, त्या घराची अर्थिंग म्या पाइपाला बांधली व्हती. बोअरचा लोखंडी पाइप जमिनीत लई खोल गेलता. तवा सगळेच तसं करायचे. पाइप हाय ना जागेवर?"

"चाचा, तो गंजला म्हून ठेकेदारानं भंगारात घातला. आता समदा पलास्टिकचा टाकलाय."

समिनाने वडिलांच्या हातातून फोन घेतला. "वनमाला, पोरीचा हात त्या नळाला लागू देऊ नको. कायबी कर. मी निघाले."

दहा वाजले. अंगण पुन्हा भरलं. मुक्ताबाईंनी आरोहीला न्हाऊ घालून आणलं. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, पातळ फ्रॉक अंगाला चिकटला होता आणि ती कुडकुडत होती. महाराजांनी डोळे मिटले. "हे अनादि ऊर्जे, हे धनऋणस्वामिनी, हे व्होल्टेश्वरी…" असलं काहीबाही ते पुटपुटत होते आणि लोक हात जोडून ऐकत होते.

वनमालाने पुढे होऊन पोरीला कवेत घेतलं.

"सोड तिला," अर्जुनराव म्हणाले.

"न्हाई सोडणार."

"अंगात आलंय तिच्या! धरा रे!" महाराज डोळे उघडून ओरडले. चार बायांनी तिचे दंड धरले. एकीने बोटं उकलायला सुरुवात केली. आरोही किंचाळत होती. वनमालाची पकड सुटत चालली आणि आता काही उरलं नाही असं तिला वाटलं. मग तिची नजर महाराजांच्या पायांवर गेली.

"थांबा!" ती अशी ओरडली की बायांचे हात थबकले. "माझी लेक नळ धरंल. पर आधी महाराजांनी खडावा काढाव्यात. फरशीवर पाणी टाकते, त्यांनी अनवाणी उभं राहून धरावा. त्यांचं चित्त शुद्ध हाय न्हवं?"

खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली. "बराबर हाय की. धरा महाराज."

"खडावा उतरवणं आम्हाला निषिद्ध आहे," महाराज म्हणाले. "गुरूंची आज्ञा."

"कावून? कशापायी?" वनमालाने विचारलं.

महाराज तापले, शाप देऊ लागले. पण शापाला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात समिनाची स्कूटी अंगणात शिरली. पायांत रबरी बूट, हातात पिशवी. तिने कोणाला नमस्कार केला नाही की शिवी दिली नाही. गोठ्यातली पहार उचलली, ओल्या जमिनीत हातभर ठोकली, पिशवीतून होल्डरला लावलेला साधा पिवळा बल्ब काढला. त्याच्या दोन वायरींपैकी एक तिने पहारीला बांधली आणि दुसरी नळाला लावली.

बल्ब पेटला.

"वनमाला, तू लांब जा. पार गोठ्यापाशी," समिना म्हणाली. वनमाला लेकीला घेऊन गेली. बल्ब पेटलेलाच होता. "आता सांगा, यात सून कुठं हाय?"

तिने लाल नाडा तोडून गिझरचं बटन बंद केलं. बल्ब विझला. चालू केलं, पेटला. पुन्हा बंद केलं, विझला. टाकीवरची पोरं हसायला लागली. मग तिने महाराजांच्या हातातली काडी ओढून घेतली, रुद्राक्षाची माळ उलगडली आणि आतली वस्तू वर धरली. "हा टेस्टर हाय. केजच्या बाजारात कुठल्याबी दुकानात मिळतो."

"पर बटन तर पडत नव्हतं," आदिनाथ म्हणाला.

समिनाने सांगितलं, आणि सगळ्यांना कळेल असं सांगितलं. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. गिझरच्या आतली पाणी तापवणारी कांडी त्याने फुटली आणि करंट त्याच्या लोखंडी अंगात उतरला. तिथून स्टीलच्या जाळीच्या नळीने नळात आला. पूर्वी असा सुटलेला करंट अर्थिंगच्या वायरने लोखंडी पाइपात आणि पाइपातून जमिनीत गेला असता, आणि बटन तिथल्या तिथे पडलं असतं. पाइप भंगारात गेला, अर्थिंगची वायर भिंतीत लोंबत राहिली, जमिनीत जायची वाटच उरली नाही. मग करंट नळात वाट बघत बसला. ओल्या पायांचा माणूस आला की त्याच्या अंगातून जमिनीत जायचा. कोरड्या लाकडावर उभ्या राहणाऱ्याला तो शिवायचा नाही. महाराजांचं सगळं चित्त त्या खडावांत होतं.

"वनमालानं मागितलेला स्विच बसवला असता," समिना म्हणाली, "तर पहिल्याच झटक्याला, पापणी लवायच्या आत, घराची लाईट बंद पडली असती आन कोनाच्याबी जिवावर बेतलं नसतं. आता हा बल्ब बघा. जेवढ्या करंटनं हा पेटला, तेवढ्यात मोठा माणूस मरतो. बल्बाच्या जागी ही पोरगी उभी राहणार व्हती."

मुक्ताबाईंनी गोठ्यापाशी जाऊन कुडकुडणाऱ्या नातीभोवती आपला पदर गुंडाळला. "माझ्या हातानं न्हाऊ घातलं गं तिला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं आणली."

महाराज मागच्या वाटेने सटकत होते. खडावा घालून पळता येत नाही, म्हणून त्यांनी त्या काढल्या आणि अनवाणीच पळाले. तरुण मंडळींनी त्यांना उकिरड्यापाशी गाठून परत आणलं. अर्जुनराव सुनेजवळ आले. त्यांची मान खाली होती. "झालं ते झालं. घरातल्या घरात मिटवू. तालुकाभर हसं व्हईल."

"हसू द्या, मामा," वनमाला म्हणाली. आरोही तिच्या खांद्यावर दमून पडली होती. "पोरगी जित्ती हाय म्हून हसं व्हईल. न्हाईतर रडायला आली असती मानसं." आणि तिने केजच्या पोलिसांत स्वतःच्या नावाने तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायदा अशाच माणसांसाठी केलेला आहे, तो वापरायला तिला कोणाची परवानगी लागली नाही.

घर नवं करताना आपण फरशीचा रंग महिनाभर निवडतो आणि जमिनीत काय पुरलंय हे विचारत नाही. ते विचारा. जुनं काही उपटायच्या आधी ते कशासाठी होतं, हे जाणत्या माणसाकडून समजून घ्या. नळ चावला तर मेन स्विच बंद करा आणि काम कळणाऱ्याला बोलवा. घरातली सून काही सांगत असेल तर तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. आणि कोणी महाराज तुमच्या लेकराला कशाला हात लावायला सांगत असेल, तर आधी त्याला पायांतलं काढून, ओल्या फरशीवर उभं राहून, स्वतः हात लावायला सांगा.