बीपीचं कडं

नातीची परीक्षा माझ्या रक्तावर होणार म्हटल्यावर मी निपाणीहून पहिल्या गाडीनं बेळगावात तिची प्रयोगशाळा गाठली. जन्मात कुठल्या डॉक्टरला सुई टोचू दिली न्हाय. पण पारमितासाठी हातातलं तांब्याचं कडं मागं सारलं आणि बोट पुढं केलं.

तिचं काम असं. काचेच्या पट्टीत केसाएवढ्या वाटा कोरलेल्या. त्यातून रक्त पळवायचं, त्यात डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे मणी सोडायचे. मण्यांनी रोगाची खूण तेवढी धरायची आणि टोकाच्या लोहचुंबकापाशी आणून द्यायची. पण रक्तात पडले की मणी एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून पोरीनं त्यांना पॉलिमरचा लेप दिलेला.

"फणस चिरताना हाताला तेल लावतीस न्हवं आज्जी? तसंच."

"मग एवढी वर्षं कशाला लागली गं? तेलाची बाटली मी दिली असती की!"

तिच्या मार्गदर्शक नीलम मॅडम हसल्या नाहीत. "लेप टिकला तर पुढं रुग्णांच्या रक्तावर काम. नाही टिकला तर हा विषय इथंच बंद."

"पोरीला भ्या घालू नका," मी म्हटलं. "आमच्या घरात भ्यायची चाल न्हाय."

खरं तर मीच मनात देवाचा धावा सुरू केलता.

रक्त पट्टीत गेलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या समोरच्या टीव्हीवर मण्यांचे काळे ठिपके मोहरीसारखे पळू लागले. मी मेजावर हात टेकून वाकले, आणि सगळे ठिपके टोकाकडं जायचं सोडून अलीकडच्या कडेला येऊन ढीग झाले.

"गुठळी झाली, पारमिता," मॅडम म्हणाल्या.

पोरीचा चेहरा पांढराफटक. मी तिला धरायला सरकले, तर टीव्हीवरचा ढीग आपोआप विस्कटला! परत मेजापाशी आले, परत ढीग.

पारमिता माझ्या मनगटाकडं बघतच राहिली. "आज्जी! त्या कड्यात लोहचुंबक बसवलंय?"

"बीपीचं हाय. चिकोडीच्या बाजारातनं आणलंय."

"काढ आधी!"

काढलं. मणी सुटे सुटे झाले आणि शहाण्या पोरांगत टोकाला गेले. मग मॅडमनीच कडं उचललं. पट्टीजवळ नेलं: ढीग. लांब केलं: सगळे मोकळे. पुन्हा. पुन्हा. बाईंना लहान पोरीसारखा नादच लागला.

"लेप नसता तर एकदा चिकटलेले सुटलेच नसते," त्या ओरडल्याच. "इतकी कडक परीक्षा मी घेतली नसती गं! पुढच्या महिन्यात रुग्णांचे नमुने घे."

पारमितानं मला असली मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला.

"हे कडं ठेवून घेऊ का आजी, चार दिवस?" मॅडमनी विचारलं.

"ठेवा. पण माझा बीपी चढला तर तुम्हाला धरीन."

"आज्जी, त्यानं बीपी उतरत न्हाय, किती येळा सांगू?"

"गप गं! आत्ताच तुझा उतरला न्हवं?"