मास्क काढायचा कधी?

शिगेमासा मास्क लावतच नव्हता असं नाही. लावायचा. ग्राइंडर सुरू झाला की लावायचा, आणि ग्राइंडर थांबतो न थांबतो तोच हनुवटीखाली ओढायचा. "घोड्याला तोबरा बांधल्यासारखं वाटतं," म्हणायचा. मग हनुवटीला लोंबणारा मास्क घेऊनच हवेच्या नळीने दगडी कंदिलावरची भुकटी उडवायची, छिन्नी घेऊन बसायचं, नाहीतर शेडीतल्या इवाओ गड्याशी बेसबॉलवरून भांडायचं. सगळं त्या पांढऱ्या धुरळ्यात. कुरोसे गावात दगडवाल्यांच्या शेडी समुद्रापर्यंत गेल्या आहेत आणि प्रत्येक शेडीत असा एकतरी शहाणा आहेच.

फुमिएचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, जीव त्या हनुवटीत अडकला होता. यंदाच्या तपासणीत डॉक्टरांनी शिगेमासाच्या छातीच्या फोटोत बारीक बारीक ठिपके दाखवले होते. "अजून फार काही नाही," ते म्हणाले होते, "पण आता वाढू देऊ नका. हे ठिपके पुसले जात नसतात." परतताना शिगेमासाने उडोनच्या जाड शेवयांचे दोन वाडगे भुरके मारून संपवले आणि मिशीवरचा रस्सा पुसत म्हणाला, "ऐकलंस ना? फार काही नाही."

"अर्धंच ऐकलंत तुम्ही!"

"कामाचं तेवढं ऐकलं."

अशा माणसापुढे डोकं किती आपटायचं? म्हणून दगडवाल्यांच्या संघाने धूळ मोजणारी बाई बोलावली तेव्हा फुमिएने त्याला बरोबर कोंडीत पकडलं. इवाओसमोर. इवाओ त्यांच्याकडे जन्मभर काम केलेला आडदांड गडी, त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणजे साक्षीदार म्हणून एकदम पक्का.

"ग्राइंडर बंद असताना शेडीत धूळ जास्त निघाली तर?"

"तर दिवसभर तोबरा बांधीन. नाही निघाली, तर पुन्हा मास्कचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," फुमिए म्हणाली. तिला काय, आपण जिंकलोच असं वाटत होतं. त्या शेडीत धूळ नाही म्हणायला माणूस आंधळा असावा लागतो.

आणि बाई यायच्या दिवशी फुमिएने काय करावं? पहाटे उठून शेड धुतली! कोणी सांगितलं नव्हतं. पाहुणी येणार म्हटल्यावर तिचे हात आपोआप चालू झाले. फळ्या पुसल्या, कोपऱ्यांतले भुकटीचे ढीग भरून बाहेर टाकले, जमीन साबण लावून घासली, दारापुढे गार पाण्याचा सडा मारला. इवाओ धुतलेला सदरा घालून आला. शिगेमासाने तर कमालच केली, पाणी अंगावर उडतं म्हणून वर्षभर बंद ठेवलेला, धूळ दाबणारा ग्राइंडरचा नळ सोडला.

मिझोगुचीबाई आल्या. चाळिशीच्या, काटक, पाठीवर पोरांसारखं दप्तर. त्यांनी शिगेमासाच्या कॉलरला एक चिमुकलं यंत्र अडकवलं, त्यावर आकडे दिसत होते. "नेहमीसारखं काम करा," म्हणाल्या. शिगेमासाने ओल्या पात्याने इतकं हळू कापलं की जणू टोफू कापतोय. इवाओ छिन्नीवर हातोडी ठेवत होता, मारत नव्हता. ग्राइंडर थांबला, मास्क हनुवटीला गेला, आकडा जागचा हलेना.

"इतकी स्वच्छ शेड मी या किनाऱ्यावर पाहिली नाही," बाई म्हणाल्या. "अशी राहत असेल, तर कापणं थांबलं की मास्क काढायला माझी हरकत नाही."

फुमिए हरखली. चक्क वाकून आभार मानले तिने! मान वर करताना नवऱ्याचं तोंड दिसलं, या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेलं. अरे देवा! हे मीच केलं की!

चहा झाला, गोड भातगोळे झाले. शिगेमासा दर घोटाला "स्वच्छ शेड, काय?" म्हणून इवाओला कोपर मारत होता. फुमिएच्या मनात नुसती उलघाल. पाहुणीसमोर आपल्याच घराची लाज काढायची? सासूने ऐकलं असतं तर थडग्यातून उठून आली असती. पण बाई दाराशी बूट घालायला वाकल्या आणि हिचं तोंड सुटलंच.

"बाई, ही शेड खोटी आहे! मी आज पहाटे धुतली. तो नळ कधी सोडत नाहीत. हा इवाओ असं काम करतो म्हणता? एरवी दणादण हाणतो. आमच्याकडे धूळ असते, खूप असते, नाकातोंडात जाते."

"अगं, पाहुण्यांसमोर काय हे!" शिगेमासाचे कान लाल झाले. इवाओ छताकडे बघायला लागला.

मिझोगुचीबाई मात्र पायरीवर बसून खळखळून हसल्या. "साबणाचा वास आला तेव्हाच मला वाटलं होतं. घरोघरी हेच! मी धूळ मोजायला जाते आणि लोक मला आरशासारख्या लख्ख शेडी दाखवतात. आता असं करा, मला पाहुणी समजू नका. भटकी मांजर समजा. कधीतरी येईन, न सांगता. तेव्हाचा आकडा खरा."

मग फुमिएची खरी परीक्षा सुरू झाली. मांजर कधी येईल नेम नाही, आणि शेड रोजच्यासारखीच राहायला हवी. धुवायचं नाही, फक्त संध्याकाळचा रोजचा केर. लग्न होऊन आल्यापासून हे काम तिचंच, डोक्याला रुमाल बांधायचा आणि कोरड्या झाडूने शेड झाडून काढायची. दारात मोटार वाजली की तिचा हात फडक्याकडे जायचा, आणि शिगेमासा म्हणायचा, "धू की! धू! कोणी धरलंय?"

ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आधीच्या घाईत, थडग्यांचे दगड दारापर्यंत रचलेले असताना, बाई दुपार कलल्यावर आल्या. चहा नको म्हणाल्या. एक यंत्र शिगेमासाला, एक इवाओला. या खेपेला लपवायला वेळच नव्हता. नळ बंद, पातं कोरडं, शेड पिठाच्या गिरणीसारखी पांढरी. ग्राइंडर थांबला. शिगेमासाचा हात सवयीने मास्क खाली ओढून हवेच्या नळीकडे गेला. फुस्स करून भुकटी उडाली आणि आकडा भराभर चढला.

"मालक," बाई म्हणाल्या, "ग्राइंडर थांबला, धूळ थांबली नाही. ती बराच वेळ हवेत असते. तुम्ही नेमका तेव्हाच मास्क काढता."

"मी काय दिवसभर थोडाच उडवतो! एवढंसं तर."

"आकडा एवढासा नाही."

"बरं बाई, बरं. मग काढायचा कधी ते सांगा. चहा पिऊन झाल्यावर?" शिगेमासा बाजारात मासळीचा भाव पाडल्यासारखा घासाघीस करायला लागला. "निदान छिन्नीच्या वेळी तरी? चला, दुपारनंतर काढतो, तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

"शब्द दिलाय तुम्ही!" फुमिए म्हणाली. पण त्याची घासाघीस थांबेना, आणि संध्याकाळ होत आली होती. हिने वैतागून झाडू उचलला. बाईंची नजर तिच्यावर गेली. त्यांनी इवाओचं यंत्र काढून फुमिएच्या ॲप्रनला लावलं. "तुमचं रोजचं चालू द्या."

फुमिएने झाडायला सुरुवात केली. ढीग एकत्र आले, पांढरे लोट उठले, कंबरेपर्यंत, मग रुमालापर्यंत. इवाओ कौतुकाने आकडे मोठ्यांदा वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"मालक, वहिनींचा तुमच्या दुप्पट आलाय."

"बिघडलं असेल," फुमिए झाडू न थांबवता म्हणाली. "मी काय दिवसभर थोडीच झाडते! एवढंसं तर."

शिगेमासा तिच्याकडे बघत राहिला. केसांवर, पापण्यांवर, ओठांच्या कडांना भुकटी बसली होती. रोज संध्याकाळी ती अशीच दिसायची आणि त्याने रोज बघितली होती. त्याने पुढे होऊन तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

"तुझा फोटो कधी काढला? छातीचा?"

"माझा कशाला काढतील? मी कुठे दगड कापते?"

तो कपाटाकडे गेला, कोरा मास्क फोडून आणला आणि तिच्या तोंडावर धरला. बोटं मोठी, पट्टा दोनदा सुटला. "फुंकर मार," म्हणाला. "जोरात. कडेने हवा जाते का बघू दे." ती मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटली. "गप. आधी फुंकर मार. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, तू आणि मी. कंदील गेले खड्ड्यात."

मग बाईंकडे वळून, मघाची सगळी मिजास उतरलेल्या आवाजात त्याने विचारलं, "हिने केव्हापासून लावायला हवा होता?"

मिझोगुचीबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आजपासून लावू दे," त्या हळूच म्हणाल्या.

शिगेमासाने स्वतःचा मास्क हनुवटीवरून वर ओढला आणि तिचे पट्टे पुन्हा आवळायला घेतले.