उद्या पैसे आले नाहीत तर

महिन्याचा पहिला शनिवार आला की मामी भांडाराच्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि एकेका पुरवठादाराला फोन लावायच्या. हवापाण्याची चौकशी नाही, मुलंबाळं कशी आहेत हेही नाही. प्रश्न एकच. "समजा, उद्या आमच्याकडून पैसे आले नाहीत, तर माल द्याल का?" समोरचा जे म्हणेल ते त्या वहीत लिहायच्या. हो, नाही, बघू. मग "बरं, पुढच्या महिन्यात विचारते" असं म्हणून फोन खाली.

आता असा प्रश्न कुणी कुणाला विचारतं का? पण मामी विचारायच्या, आणि तेही एकदोन नाही, चांगली अकरा वर्षं.

मामी एका डायलिसिस केंद्राच्या भांडारपाल. सख्ख्या मामी त्या कुणाच्या होत्या कोण जाणे, पण डॉक्टरीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मामीच म्हणायचे. केंद्र सात खुर्च्यांचं. बेचाळीस रुग्ण, प्रत्येकाने आठवड्यातून तीनदा यायचं, चार तास खुर्चीत बसायचं आणि यंत्राकडून रक्त धुऊन घ्यायचं. दर खेपेला एक नवा फिल्टर लागायचा. वीतभराहून जरा मोठं नळकांडं, पण येणार परदेशातून. धुऊन पुन्हा वापरायची सोय त्या केंद्रात नव्हती. फिल्टर नाही तर खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही तर माणूस एकदोन आठवड्यांचा सोबती. म्हणून मामींनी नियम केला होता की तीन महिन्यांचे फिल्टर कायम मांडणीवर हवेत. मोजून सोळाशे. त्याला हात लावलात तर मामी हात धरायच्या, मग तुम्ही कुणीही असा.

हिशेबाचं खातं मात्र दुसऱ्याकडे होतं. हिशेबनीस चाळिशीचा, डोक्याने तल्लख आणि बोलणं सगळं टक्क्यांत. जेवायला बसला तरी "आज मीठ दहा टक्के जास्त" म्हणायचा, म्हणून बायकोने त्याचं नाव टक्केवारी ठेवलं होतं. त्याचा थोरला भाऊ, दादा, त्या बेचाळिसांतला एक. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादाने सुतारकाम करून याला शिकवलं होतं. दादाला खुर्ची लागली तसं यानेही मोठ्या कंपनीची नोकरी सोडून इथली धरली. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

झालं असं, की एका शनिवारी मामींच्या त्या प्रश्नाने वैद्यकीय मालाचा एक घाऊक व्यापारी भडकला. त्याला सगळे फटकळराव म्हणायचे. दर महिन्याला तो मामींना ताडकन "नाही देणार" सांगायचा, पण त्या दिवशी त्याने बाजारात बोंब ठोकली. केंद्र बुडायला आलंय, नाहीतर बाई असं कशाला विचारेल? आठवड्याच्या आत तिघा पुरवठादारांनी पैसे आधी टाका, मग माल, असा निरोप धाडला. हिशेबनिसाला दारोदार जाऊन बँकेचे कागद दाखवावे लागले. बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

तो तणतणत भांडारात गेला. "मामी, तुमच्या एका फोनने आपली पत गेली."

"एका प्रश्नाने जाते ती पत कसली?" मामी पेटीवर तारीख घालत होत्या. "आणि तुमचा तो पैसा म्हणजे तरी काय हो? कुणीतरी उद्या देईन म्हणतो आणि आपण बरं म्हणतो. अख्ख्या जगाचं तेवढ्यावर चाललंय. चालतंय तोवर माझं काही म्हणणं नाही."

"आणि चालायचं थांबलं तर?"

"म्हणून तर विचारते."

हिशेबनिसाने कपाळावर हात मारला. फटकळरावांना त्याने माफीपत्र लिहिलं, की आमच्याकडून असे फोन यापुढे येणार नाहीत. मामींना केंद्राच्या फोनवरून तो प्रश्न विचारायची बंदी केली. आणि हातासरशी साठाही एक महिन्यावर आणला. जादा अकराशे फिल्टर त्याने बऱ्या भावाने विकून टाकले. अडकलेला पैसा मोकळा झाला म्हणून विश्वस्तांनी बैठकीत त्याची पाठ थोपटली. मामी भांडल्या नाहीत. मालाच्या पावतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे सही करा." त्याने केली.

पाच महिने गेले. मग कुठल्याशा मोठ्या देशातली एक मोठी बँक दुसऱ्या बँकेचे पैसे देऊ शकली नाही. दुसरीने तिसरीचे थांबवले. सोमवारी ती बातमी होती, बुधवारी ती सगळ्यांच्या घरात आली. कोण कोणाचा शब्द धरायला तयार होईना. परकीय चलनाच्या भावाच्या फळ्यावर आकडा असायचा तिथे नुसती रेघ दिसायला लागली. बँका तात्पुरत्या बंद, असा सरकारी हुकूम निघाला. हिशेबनीस पडद्यासमोर बसून केंद्राचं खातं बघत राहिला. पैसा होता, पैन् पै होती, पण जागचा हलत नव्हता. जन्मभर ज्याला तो भक्कम समजत आला, त्याने असा दगा द्यावा, हेच त्याला कळेना.

फिल्टर आणणाऱ्या कंपनीने फोनवर सांगितलं की माल बंदरात पडलाय, परकीय चलन दिल्याशिवाय सुटत नाही आणि ते तीन महिने तरी मिळेलसं दिसत नाही. मीठ, नळ्या, औषधं जवळपास बनत होती. मामींच्या वहीतल्या 'हो'वाल्यांनी ती उधारीवर आणून टाकली, एकानेही तोंड फिरवलं नाही. अडलं ते फिल्टरवर.

मामींनी मोजले. पाचशे चार. आठवड्याला तिनाच्या हिशेबाने चार आठवडे. डॉक्टरीणबाईंनी खेपा दोनवर आणल्या, म्हणजे सहा आठवडे. त्याहून कमी करायला त्या साफ नाही म्हणाल्या. रुग्णांना पाणी मोजून, जेवण मोजून. दुसऱ्या आठवड्यात दादाचे पाय सुजले, रात्री आडवं झालं की धाप लागायची, म्हणून तो बसूनच झोपायचा. तक्रार नाही. "तुझ्या टक्क्यांत सांग, किती सुजलेत?" असं विचारून वर हसायचा, आणि हिशेबनीस मनातल्या मनात हिशेब करत बसायचा. अकराशे फिल्टर. दोन खेपांच्या हिशेबाने तेरा आठवडे. त्याने ते स्वतःच्या सहीने विकले होते. हे रुग्णांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मामींना माहीत होतं, आणि त्या अवाक्षर काढत नव्हत्या.

शेवटी एक दिवस दुपारी तो भांडारात गेला आणि दार लावून उभा राहिला.

"मामी, एक मागायचं होतं. दादासाठी बारा फिल्टर बाजूला ठेवाल? बाराच. कुणाला कळणार नाही."

मामींनी त्याच्याकडे पाहिलं. तो ओरडा खायच्या तयारीने आला होता. पण त्यांनी खण उघडला, बेचाळीस नावांची यादी काढली, तिच्यावर पेन्सिल ठेवली आणि यादी त्याच्यासमोर सरकवली.

"ठेवते की. कुणाचे कमी करू तेवढी खूण करा."

त्याने पेन्सिल उचलली. पहिलं नाव शिंपीणबाईंचं, त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. दुसरा बसचालक. तिसरी शाळकरी पोर, दर खेपेला त्याच्याकडून टक्केवारीची गणितं सोडवून घेणारी. चौथा एकटा म्हातारा, त्याचं जगात कुणी नाही. याच्या नावावर खूण करावी असं हिशेबनिसाच्या मनात आलं, आणि मनात आलं याचीच त्याला इतकी लाज वाटली की त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"नाही जमत," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मामींनी त्याला रडू दिलं. मग पाण्याचा पेला दिला. "अहो, मला तरी कुठे जमतंय? जमू नये म्हणून तर एवढा खटाटोप. माल असला की माणूस देवासारखा वागतो. तो संपत आला की अशी यादी हातात येते. मला ती कधीच कुणाच्या हातात द्यायची नव्हती." मग पदराला हात पुसून त्या उठल्या. "चला, रुग्णवाहिकेत तेल आहे. फटकळरावांकडे जाऊ."

"ते? ते तर अकरा वर्षं नाहीच म्हणतायत."

"हो ना. आणि अकरा वर्षं फोनही उचलतायत."

फटकळरावांचं गोदाम तासाभरावर होतं. मामींना बघून ते उठले, हिशेबनिसाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी सरळ मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत भिंतीला लावून चाळीस पेट्या रचलेल्या. एका पेटीत चोवीस फिल्टर.

"घेऊन जा," ते म्हणाले. "पैसे नकोत. पैशाचं आज काय होईल ते कुणाला ठाऊक? नऊशे साठ नेताय, नऊशे साठ परत आणून द्या. नगाला नग. जेव्हा जमेल तेव्हा."

हिशेबनीस बघतच राहिला. "पण तुम्ही तर दर वेळी नाही म्हणायचात."

"म्हणणारच. असा प्रश्न ऐकून कुणाचं डोकं फिरणार नाही? पण फोन ठेवला की तो दिवसभर डोक्यात घोळायचा. खरंच, उद्या पैसे आले नाहीत तर? मी कुणाला माल देईन, मला कोण देईल? झोप उडवली होती या बाईने माझी. दोन वर्षांपूर्वी या चाळीस पेट्या बाजूला काढल्या तेव्हा कुठे जरा डोळा लागायला लागला." मग ते पहिल्यांदा हिशेबनिसाकडे वळले. "तुमचं माफीपत्र आलं ना, ते वाचून मला वाटलं, चला, बाईंचं खूळ गेलं, आता आपणही शहाण्यासारखं वागावं. या पेट्यांचा सौदा ठरवला. गाडी सोमवारी यायची होती. शनिवारी यांचा फोन आला, घरच्या फोनवरून. तोच प्रश्न. मी नाही म्हणालो आणि फोन ठेवल्याबरोबर सौदा मोडला."

हिशेबनिसाने मामींकडे पाहिलं. "मी बंदी केली होती."

"केंद्राच्या फोनची केली होती," मामी म्हणाल्या आणि पेट्या मोजायला लागल्या.

ती बाई तिथे उभी राहून मोजत होती, एक पेटी, दोन पेट्या, आणि हिशेबनिसाला तिच्या पाया पडावंसं वाटलं. बँका, मंत्री, मोठमोठे तज्ज्ञ यांना जे सांभाळता आलं नाही, ते हिने एका वहीत आणि एका प्रश्नात सांभाळलं होतं. त्याने अंगातला कोट काढला आणि पेट्या उचलायला लागला. दोन खेपांत सगळा माल केंद्रात आला. शिल्लक धरून तीन खेपांचे दहा आठवडे निघत होते. तोवर बंदरातला माल सुटेल, असा अंदाज होता.

गुरुवारी दादाला त्या आठवड्याची तिसरी खेप मिळाली. चार तासांनी त्याचा श्वास मोकळा झाला, चेहऱ्यावर रंग आला. हिशेबनीस शेजारी स्टूल ओढून बसला होता. दादाने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाला, "मामी म्हणजे मामीच, नाही का रे?"

मग हिशेबनिसाला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. अकराशे फिल्टर, पाठ थोपटणारे विश्वस्त, माफीपत्र, बारा फिल्टरची मागणी, ती पेन्सिल. एकही टक्का न घालता सांगितलं. दादा ऐकत होता. मध्ये एकदा त्याने डोळे मिटले, तेव्हा हिशेबनिसाला वाटलं, आता हा आपल्याशी कधी बोलणार नाही.

मग दादाने डोळे उघडले.

"मला सांगितलंस, बरं केलंस," तो म्हणाला. "मी तुझा भाऊ आहे, मला सांगणं सोपं. आता उरलेल्या एक्केचाळीस जणांना सांग."

"सगळ्यांना?"

"पाय त्यांचेही सुजले होते."

हिशेबनीस उठला, त्याने स्टूल उचललं आणि पलीकडच्या खुर्चीजवळ नेऊन ठेवलं. शिंपीणबाई नातवासाठी टोपडं शिवत होत्या. त्यांनी सुई थांबवली, त्याच्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "या, बसा. काय म्हणताय?"