माशांची विचारपूस

शिंपीकाका भर दुपारी शाळेच्या सदऱ्याला कॉलर लावत बसले होते. एकाएकी मशीनची मोटार किंचाळली आणि सुई त्यांच्या हाताला न जुमानता कापडावर सुसाट धावत सुटली. डोक्यावरचा पंखा वेड्यासारखा गरगरला, दिवा पांढराफटक होऊन फुटला आणि सगळंच बंद पडलं. खोलीभर करपल्याचा वास सुटला.

सगळी गल्ली बाहेर जमली. कुणाचा फ्रीज गेला होता, कुणाचा टीव्ही. खांबावर चढलेल्या वायरमनने वरूनच सांगितलं, की न्यूट्रलची तार सुटली, म्हणून घराघरांत नको तेवढी वीज घुसली. तार जोडून देतो, पण जळलं ते जळलं.

वीज आली, पण काकांच्या घरातल्या माशांच्या टाकीतले बुडबुडे काही परतले नाहीत. हवेचा पंप कामातून गेला होता. लेकीने नोकरीसाठी परगावी जाताना हे सोनेरी मासे त्यांच्या स्वाधीन केले होते. बायको आधीच गेलेली. लेक दर रविवारी फोन करी, मासे कसे आहेत विचारी. मग काका सांगत, छोटा हावरट झालाय, मोठा रुसून कोपऱ्यात बसतो. तेवढ्या बोलण्यावर त्यांचा आठवडा निघे.

आता मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पंप आणायला बाजारात जावं, तर मागे यांच्याकडे बघणार कोण? काकांनी तांब्या घेतला. टाकीतलंच पाणी भरायचं आणि उंचावरून परत धार सोडायची. हात भरून आले, बाह्या चिंब झाल्या. तरी छोटा उलटा झाला तो झालाच.

काकांचा धीर सुटला. आपण होऊन कधी फोन न करणाऱ्या माणसाने लेकीला फोन लावला. ती घाबरूनच बोलली. काकांनी अडखळत सांगितलं, तुझा छोटा गेला, मला तो राखता आला नाही.

पलीकडून ती म्हणाली,

"बाबा, खरं सांगू? माशांचा विषय काढला की तुम्ही बोलता. एरवी 'बरंय' म्हणून फोन ठेवता. म्हणून विचारायचे मी."

"आणि मी तुझे म्हणून त्यांना जिवापाड जपत होतो," काका म्हणाले. मग जे इतकी वर्षं ओठांवर येऊन परत जात होतं, ते बोलले. "घर खायला उठतं गं. तुझी फार आठवण येते."

रजा लगेच मिळणार नाही, असं ती म्हणाली. येते मात्र म्हणाली.

तांब्याच्या धारेवर मोठा मासा तगला. दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, तिचा फोन आला. जेवलात का, काय केलं होतं, असं ती विचारत राहिली, आणि काका एकेक घास आठवून सांगत राहिले.